संगणक : आधी रीत, मग यंत्र

प्राथमिक शाळेत संगणक शिकवावा काय, असा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा यंत्रांच्या संख्येपाशी येऊन थांबते. शाळेला संच किती मिळाले, त्यांतील चालू किती, वीज टिकते का, असे आपण विचारतो. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु या विषयाचा इतिहास चाळला, तर त्यांच्याही आधीचा एक प्रश्न समोर येतो. मुलांना नेमके शिकवायचे काय?

या इतिहासाची सुरुवात यंत्रापासून होत नाही. नवव्या शतकात बगदाद येथे मुहंमद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द पुढे रूढ झाला. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम ठरलेल्या पायऱ्यांनी, क्रम न चुकवता, शेवटास नेण्याची रीत. आपला चौथीचा विद्यार्थी भागाकार करतो, तेव्हा तो हेच करीत असतो. सारांश, संगणकशास्त्राचा गाभा संगणकाहून हजार वर्षांनी जुना आहे.

आपल्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली सुरू झाला. त्याच संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आज आपल्या शेजारी, जुन्नर तालुक्यात खोडद येथे उभी आहे. तिच्या तीस अँटेनांनी टिपलेले संकेत जुळविण्याचे काम संगणकच करतात. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनास आपल्या भागातील मुले तेथे कुतूहलाने जातात. यंत्र त्यांना दिसते. त्यामागची रीत समजावून देणे हे शाळेचे काम होय.

शाळांपुरते पाहिले तर केंद्र सरकारने १९८४ साली ‘क्लास’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. प्रारंभी सुमारे २५० शाळांना इंग्लंडमधील बी.बी.सी. मायक्रो हे संगणक मिळाले. पण या शाळा माध्यमिक व उच्च माध्यमिक होत्या. प्राथमिक शाळा दूरच राहिली. पुढे २००१ साली राज्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. तेव्हा उच्च व तंत्रशिक्षण खाते आपल्या निरगुडसरचे सुपुत्र श्री. दिलीप वळसे-पाटील यांच्याकडे होते. एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना संगणक वापरण्याची ओळख करून दिली, हे मोठेच काम झाले. तथापि वापरणे वेगळे आणि यंत्राला नवे काम सांगणे वेगळे.

हा फरक अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच ओळखला होता. त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. तीत मूल कासवाला हुकूम देते : चार पावले पुढे, मग काटकोनात उजवीकडे वळ. हे चार वेळा केले की चौकोन तयार. चौकोन वाकडा झाला, तर कोणता हुकूम चुकला हे मूल स्वतः शोधते. याच विचाराच्या परंपरेतून आलेले छोटे लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यातील मराठी प्राथमिक शाळेत पोहोचले. परंतु प्रत्येक मुलामागे एक यंत्र देण्याचा खर्च मोठा असल्याने ती वाट देशभर रुजली नाही.

दुसरी वाट अधिक सोपी निघाली. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्रा. श्रीधर अय्यर व सहकाऱ्यांनी शाळांसाठी आदर्श अभ्यासक्रम आखला आणि पहिली ते आठवीसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तके केली. तीत कळा दाबण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पायरीपायरीने विचार करण्यास दिले आहे. न्यूझीलंडमध्ये टिम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर यंत्राविनाच संगणकशास्त्र शिकविण्याचे खेळ रचले. त्यांतील एक आपणही करून पाहावा. पुठ्ठ्याचे पाच पत्ते घ्या. त्यांवर अनुक्रमे १, २, ४, ८ व १६ ठिपके काढा. आता १३ ही संख्या दाखवायची, तर ८, ४ व १ हे पत्ते उघडे ठेवायचे आणि बाकीचे पालथे. एवढ्या पाच पत्त्यांत शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या मावते. संगणकही सर्व काही असेच, दोन चिन्हांत साठवितो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचे उपक्रम सुचविले आहेत. ज्यांच्या घरी संगणक आहे, ती मुले तयारीने सहावीत जातील. शेतमजुराच्या व छोट्या दुकानदाराच्या मुलाने मात्र यंत्राची वाट पाहत बसावे काय? तसे झाले, तर एक मूल हुकूम लिहिणारे होईल आणि दुसरे आयुष्यभर केवळ कळा दाबणारे. यंत्रे मिळावीत म्हणून पालकांनी व संस्थांनी आग्रह जरूर धरावा. पण पहिला धडा देण्यास शाळेचा व्हरांडा, खडूने आखलेला चौकोन आणि पुठ्ठ्याचे पाच पत्ते पुरेसे आहेत. तो धडा दुसरी-तिसरीतच दिला जावा, एवढीच आपणांस विनंती.