शिळी कढी आणि ताजे लोणी

श्रीकृष्णाची ओळख आम्हां चांदूर बाजारच्या लोकांना कोणी नव्याने करून द्यावी लागत नाही. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. तेव्हा देव म्हणजे वऱ्हाडचे जावई! असे असूनही गेल्या भाऊबीजेला नातीने दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' हा मूकपट लावला, तेव्हा मी जरा नाखुशीनेच बसलो.

नाखुशीला कारण होते. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून फाळक्यांनी या देशात चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली. १९१८ साली नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे त्यांनी 'श्रीकृष्णजन्म' काढला. त्यातला बाळकृष्ण म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. पुढच्याच वर्षी, १९१९ साली, तीच मुलगी, तोच कृष्ण आणि मोठ्या कथेतला एकच प्रसंग घेऊन 'कालिया मर्दन' आला. मी मनाशी म्हटले, ही शिळ्या कढीलाच ऊत आणण्याची तऱ्हा!

चित्र सुरू झाले आणि माझा अंदाज पार चुकला. कथेला हात घालण्यापूर्वी फाळके पडद्यावर केवळ त्या सात वर्षांच्या मुलीचा चेहरा दाखवतात. हसू, राग, रुसवा – एकामागून एक भाव झरझर उमटत जातात. बापाने जणू प्रेक्षकांना सांगितले, "आधी माझी लेक पाहा, मग देव पाहा."

"आबा, हा कृष्ण मुलगी आहे?" नातीने डोळे मोठे करून विचारले.

मी तिला सांगितले, की 'हरिश्चंद्रा'तली तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, आणि रोहिदास झाला होता फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सहा वर्षांत काळ एवढा पालटला, की घरच्या मुलीने साक्षात भगवंत व्हावे!

मग लोणी चोरणे आले, गोकुळातल्या खोड्या आल्या. नात खदखदून हसत होती. शेवटी कृष्णाने डोहात उडी घेतली. क्षणात पाण्याखालची झुंज, क्षणात काठावर आक्रोश करणारे गोकुळ, पुन्हा झुंज. आवाज नाही, रंग नाही. नाग खोटा आहे हे उघड दिसते. तरीही नातीने माझा हात घट्ट धरला होता. पोर वर येते की नाही, ही धास्ती काही खोटी नव्हती.

आज 'राजा हरिश्चंद्र'ची थोडी रिळे तेवढी उरली आहेत. 'श्रीकृष्णजन्मा'चाही काही भागच हाती आहे. 'कालिया मर्दन' मात्र बराचसा टिकला. ज्याला मी उरलेसुरले म्हणत होतो, तेच उरले! मुख्य चित्र हरपले, तरी त्यातला बाळकृष्ण आपल्याला भेटतो तो या मागाहून आलेल्या चित्रामुळे.

वास्तविक मला हे आधीच उमगायला हवे होते. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे त्यांच्या गुरूंचे, गोविंदप्रभूंचे, चरित्र स्वतंत्रपणे लिहिले. त्याला शिळी कढी कोणी म्हटले नाही.

चित्र संपले. फराळाचे ताट पुढे करीत नात म्हणाली, "आबा, पुन्हा लावू?"

मी चकली उचलली आणि मान डोलावली.