अष्टागर ते नेगेव : बेने इस्रायल समाजविषयक इतिहासग्रंथांचा चिकित्सक अभ्यास

सारांश

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल हा मराठीभाषक यहुदी समाज १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर इस्रायलमध्ये स्थलांतरित झाला. त्यातील अनेक कुटुंबे नेगेव या वाळवंटी प्रदेशातील नव्या वसाहतींत स्थिरावली. या समाजाचा इतिहास सांगणारे प्रमुख ग्रंथ कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले, त्यांनी कोणत्या प्रश्नांना अग्रक्रम दिला आणि कोणते प्रश्न बाजूला राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे लेखन मुख्यतः ‘हा समाज मूळचा कोण?’ या बाहेरून आलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घडले. त्यामुळे कोकणातील प्रत्यक्ष जीवन आणि वाळवंटातील पुनर्वसन हे दोन्ही कालखंड त्यात दुय्यम ठरले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

कळीचे शब्द : बेने इस्रायल, अष्टागर, नागाव, नेगेव, किहीमकर, मराठी हगादा, इतिहासलेखन

प्रस्तावना

अलिबाग आणि रेवदंडा यांच्या दरम्यान नारळी-पोफळीच्या वाड्यांनी वेढलेले नागाव हे अष्टागरातील एक जुने गाव होय. त्याच्या उत्तरेस अलिबाग येथे ‘मागेन अबोथ’ आणि दक्षिणेस रेवदंडा येथे ‘बेथ एल’ ही सिनेगॉग आहेत. अलिबागमधील ‘इस्रायल आळी’ हे नाव त्या वस्तीची साक्ष देते. नागाव आणि अलिबागच्या उत्तरेकडील नवगाव या दोन नावांत बाहेरच्या वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव असतो. बेने इस्रायल परंपरेनुसार या समाजाच्या पूर्वजांचे जहाज फुटले ते नवगावच्या किनाऱ्याजवळ, आणि बुडालेल्यांचे दफनही तेथेच झाले.

या किनाऱ्यावरील वार्षिक पर्जन्यमान २००० मिलिमीटरहून अधिक असते. नेगेवमधील बीरशेबा येथे ते सुमारे २०० मिलिमीटर भरते. एकाच समाजाच्या दोन पिढ्यांनी या दोन टोकांचे जीवन अनुभवले. या स्थित्यंतराची नोंद इतिहासग्रंथांनी कशी घेतली, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे.

किनाऱ्यावरील पुराव्याचे स्वरूप

अष्टागर हा शिलालेखांच्या दृष्टीने समृद्ध प्रदेश आहे. आक्षी येथील शिलालेख शके ९३४ (इ. स. १०१२) चा मानला जातो. मराठीतील आद्य लेखांच्या चर्चेत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. नागाव येथील शके १२८९ (इ. स. १३६७) चा लेख हंबीररावाच्या काळातील आहे. तथापि अशा दानलेखांत राजा, अधिकारी, देवस्थान व दान दिलेली जमीन यांचीच नावे प्रामुख्याने येतात. घाणा चालविणारा तेली त्यांत क्वचितच येतो. बेने इस्रायल समाजाचा पारंपरिक व्यवसाय तेल गाळण्याचा होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. अशा कष्टकरी समूहाचा माग दगडावर कोरलेल्या लेखांत लागू नये, यात आश्चर्य नाही.

परकीय प्रवाशांच्या वृत्तान्तांत मात्र काही दुवे सापडतात. दहाव्या शतकातील अरब प्रवासी अबू दुलफ याचा वृत्तान्त पुढे तेराव्या शतकात अल्-कझवीनीने उद्धृत केला. त्यात सैमूर, म्हणजेच आजचे चौल, या बंदरात मुसलमान, ख्रिस्ती व अग्निपूजक यांच्याबरोबर यहुदीही राहत असल्याचा निर्देश आहे. चौल नागावपासून काही मैलांवरच आहे. परंतु चौलच्या बंदरातील ते यहुदी आणि आसपासच्या खेड्यांतील शनिवार तेली हे एकच होते, असे या निर्देशावरून सिद्ध होत नाही. बंदरातील व्यापारी वस्ती आणि खेड्यातील कारागीर वस्ती यांचा इतिहास वेगळा असू शकतो, हे भान राखणे आवश्यक आहे.

किहीमकरांचा ग्रंथ : रचना आणि प्रकाशन

समाजातील व्यक्तीने लिहिलेला पहिला विस्तृत इतिहास म्हणून हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या ‘द हिस्टरी ऑफ द बेने-इस्राएल ऑफ इंडिया’ या इंग्रजी ग्रंथाचा उल्लेख करावा लागतो. किहीमकरांचे आडनावच अलिबागजवळील किहीम गावावरून आलेले आहे. मुंबईत १८७५ मध्ये सुरू झालेल्या इस्रायली शाळेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. ग्रंथाचे लेखन १८९७ मध्ये पूर्ण झाले. तो प्रसिद्ध झाला मात्र चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आणि तोही तेल अवीव येथे, इमॅन्युएल ओल्स्वांगर यांच्या संपादनाखाली. कोकणच्या खेड्यांची हकिगत सांगणारे पुस्तक छापले गेले ते पॅलेस्टाइनमध्ये. त्याचा अपेक्षित वाचक कोण होता, याचे सूचन यातून मिळते.

किहीमकरांच्या मांडणीनुसार इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अँटिओकस एपिफेनिसच्या छळामुळे पूर्वजांनी मायदेश सोडला. जहाज फुटल्यानंतर सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. धर्मग्रंथ समुद्रात गेले, तरी शनिवारचा विश्राम, सुंता, आहारविषयक निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या व्यक्तीने या समाजाला ओळखले, त्यांना धर्माचरण शिकविले आणि तिघांना ‘काजी’ म्हणून तयार केले, अशी परंपरा आहे. स्थलांतराचा काळ ठरविताना हनुक्का या सणाचा अभाव हा एक पुरावा मानला गेला. तो सण रूढ होण्यापूर्वीच पूर्वज निघाले असावेत, असा त्यामागील तर्क होता.

हा तर्क तपासून घ्यावा लागतो. एखादी चाल समाजात आढळत नाही, यावरून ती त्यांना कधीच माहीत नव्हती असे ठरत नाही. ग्रंथ व धर्मगुरू नसताना दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या समाजात ती विस्मरणातही जाऊ शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिकीय अभ्यासात बेने इस्रायल समाजात यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा लक्षणीय अंश आढळला. हा संयोग १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा असावा, असे त्यात अनुमानिले आहे. या निष्कर्षाने परंपरेतील तारीख सिद्ध होत नाही. मात्र पश्चिम आशियातील उगमाची स्मृती निराधार नव्हती, याला बळ मिळते.

तथापि किहीमकरांच्या ग्रंथाचे मोल उगमाच्या चर्चेत सामावलेले नाही. त्यांनी नोंदविलेली सणांची मराठी नावे पाहिली असता हे स्पष्ट होते. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण आणि बिरड्याचा सण ही नावे कोकणच्या पीकपाण्यातून व स्वयंपाकघरातून आलेली आहेत. जेरुसलेममधील मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण करून देणारा उपवास सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे खाल्ले जाई आणि त्यावरूनच त्या दिवसाला नाव मिळाले. दूरच्या देशातील शोकाला अलिबागच्या वालाची ओळख मिळावी, हा सांस्कृतिक इतिहासाचा अस्सल पुरावा होय. किहीमकरांनी तो नोंदविला. मात्र त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न आपण खरे यहुदी आहोत हे दाखविण्याचा असल्याने त्यावर त्यांनी फारसे भाष्य केले नाही.

मराठीतील धार्मिक वाङ्मय

इंग्रजी इतिहासग्रंथाच्या आधीपासून मराठीत एक वेगळी परंपरा घडत होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने मात्र त्या साधनांचा उपयोग स्वतःचा धर्म जाणून घेण्यासाठी केला. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हगादा’ मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या सचित्र प्रतीतील स्त्रिया भारतीय वेषात दिसतात. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनासाहित्य मराठीत आणले. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली व सादर केली जाऊ लागली. या कार्यात बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

या वाङ्मयाकडे केवळ धार्मिक साहित्य म्हणून पाहणे अपुरे ठरते. वारकरी व हरिदासी परंपरेने घडविलेला कीर्तनाचा आकृतिबंध, त्यातील साकी, दिंडी, अभंग ही वृत्ते आणि मोशे किंवा योसेफ यांचे आख्यान यांचा मेळ येथे घातला गेला. समाजाने स्वतःला स्वतःच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट आहे. बाहेरच्या परीक्षकासाठी लिहिलेल्या इंग्रजी इतिहासाच्या तुलनेत तिचा स्वर अधिक मोकळा आहे.

नेगेव : वाळवंटातील कालखंड

१९४० च्या दशकाअखेर भारतातील बेने इस्रायलांची संख्या सुमारे २० हजार होती. त्यानंतरच्या स्थलांतरामुळे भारतातील एकूण यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आत आली. इस्रायलमध्ये गेलेल्यांपैकी अनेकांना बीरशेबा, १९५१ मध्ये वसविलेले येरुहाम आणि १९५५ मध्ये स्थापन झालेले दिमोना अशा ठिकाणी पाठविण्यात आले. नेगेवचा विस्तार इस्रायलच्या निम्म्याहून अधिक भूभागावर आहे. तो वसविणे हे त्या राष्ट्राचे धोरण होते. मुंबईच्या कचेऱ्यांत, रेल्वेत व गिरण्यांत काम केलेली माणसे त्या धोरणाचा भाग बनली.

हा प्रवेश सुखाचा नव्हता. भेदभावाच्या तक्रारींवरून बीरशेबा येथील काही बेने इस्रायलांनी १९५१ मध्ये धरणे धरले आणि भारतात परत पाठविण्याची मागणी केली. १९५२ मध्ये एक गट परतलाही. पुढे त्यांतील अनेक जण पुन्हा इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बिनेटने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध १९६४ मध्ये जेरुसलेम येथे दीर्घकाळ धरणे चालले. त्याच वर्षी निर्देशांतील या समाजाचा स्वतंत्र उल्लेख वगळण्यात आला. किहीमकरांनी १८९७ मध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले होते, तोच प्रश्न स्वतःच्या मानलेल्या देशात पुन्हा विचारला गेला.

दरम्यान दैनंदिन जीवन पुढे जात होते. दिमोनाला ‘छोटा भारत’ असे संबोधले जाऊ लागले. तेथे व बीरशेबा येथे क्रिकेटचे संघ उभे राहिले. एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, खोबरे व फळे यांचा ‘मलिदा’ करण्याची प्रथा नारळ न पिकणाऱ्या प्रदेशातही चालू राहिली. अलिबागजवळ खंडाळा येथील खडकावर या पैगंबराच्या रथाच्या खुणा उमटल्याची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचे स्थळ कोकणात राहिले, विधी मात्र वाळवंटात पोहोचला. १९८० च्या दशकात इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघू लागले. त्या पिढीची मराठीवरील निष्ठा त्यातून दिसते.

उत्तरकालीन अभ्यासग्रंथ

रब्बिनेटचा वाद सुरू असताना, १९६३ मध्ये, बेंजामिन जे. इस्रायल यांचे १७५० नंतरच्या धार्मिक उत्क्रांतीविषयीचे लेखन प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये त्यांचे ‘द बेने इस्राएल ऑफ इंडिया : सम स्टडीज’ हे पुस्तक आले. परंपरेविषयी आदर राखून कागदोपत्री आधाराची मागणी करणारी त्यांची भूमिका किहीमकरांपेक्षा वेगळी आहे. शिफ्रा स्ट्रायझोवर यांनी १९७१ मध्ये मुंबईतील समाजाचा समाजशास्त्रीय अभ्यास मांडला. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा विस्तृत ग्रंथ विधी, आडनावे, शिक्षण व संस्था यांची माहिती एकत्र देतो. जोन रोलंड यांचा १९८९ चा ग्रंथ ब्रिटिश अमदानीतील राजकीय ओळखीचा प्रश्न हाताळतो.

या सर्व ग्रंथांनी अभ्यासाची कक्षा निश्चितच वाढविली. तरीही दोन मर्यादा जाणवतात. पहिली भाषेची : हे लेखन इंग्रजीत असून मराठी साधनांचा स्वतंत्र वाङ्मयीन विचार त्यात मर्यादित आहे. दुसरी भूगोलाची : मुंबई केंद्रस्थानी राहिल्यामुळे रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा, मुरूड येथील वस्त्या बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच येतात. घाणा कोणाच्या वाडीत होता, तेलासाठी नारळ व तीळ कोठून येत, शेजारच्या आगरी, भंडारी व माळी कुटुंबांशी देवाणघेवाण कशी होती, हे प्रश्न उगमाच्या वादाइतके आकर्षक नसले तरी गावाच्या इतिहासासाठी अधिक मोलाचे आहेत.

निष्कर्ष

बेने इस्रायल समाजाच्या इतिहासलेखनावर सिद्धतेचे ओझे सतत राहिले. प्रथम मिशनरी व गॅझेटियरकार, नंतर बगदादी व युरोपीय यहुदी आणि शेवटी रब्बिनेट अशा क्रमाने परीक्षक बदलत गेले, प्रश्न मात्र बदलला नाही. त्यामुळे जहाज फुटल्याचा दिवस इतिहासाचा केंद्रबिंदू झाला आणि त्यानंतरची शतके संक्षिप्त झाली.

आता हा क्रम उलटविण्याची आवश्यकता आहे. नेगेवमध्ये जन्मलेल्या पिढीची वाचनाची भाषा हिब्रू आहे. आजोबांचा मराठी हगादा, कीर्तनाची वही किंवा पत्रे घरात असली तरी ती त्या घरात वाचली जाण्याची शक्यता दर पिढीगणिक घटत जाते. ती वाचू शकणारा वर्ग महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. परंतु शासकीय मान्यतेने वाचनाची उणीव भरून निघत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी दफनभूमींतील मराठी-हिब्रू लेख, सिनेगॉगची दप्तरे आणि गावातील वृद्धांच्या शेजाराच्या आठवणी यांचे संकलन हाती घेतल्यास, किहीमकरांच्या ग्रंथात अस्पष्ट राहिलेले कोकण पुन्हा उभे करता येईल. शनिवारी बंद राहणाऱ्या घाण्याचा इतिहास हा अष्टागराचाही इतिहास आहे. तो सांगण्यासाठी कोणाचे मूळ सिद्ध होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.