अत्यल्प कॅलरींचा आहार

वजन उतरवण्यासाठी दिवसभरात 800 किलोकॅलरी किंवा त्याहून कमी ऊर्जा मिळेल एवढेच खाणे, याला वैद्यकात अत्यल्प कॅलरींचा आहार म्हणतात. व्यवहारात किलोकॅलरीला नुसते ‘कॅलरी’ म्हणण्याचा प्रघात आहे, तोच येथे पाळला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये ठरवलेल्या प्रमाणांनुसार बैठे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे 2110 आणि 55 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 1660 कॅलरी लागतात. म्हणजे या आहारात गरजेच्या निम्मेही पोटात जात नाही. तो सुरक्षित आहे का, याचे उत्तर मात्र नुसत्या कॅलरींच्या आकड्यात सापडत नाही. आहारात प्रथिने आणि क्षार किती आहेत, तो घेणारा कोण आहे, त्याला कोणती औषधे चालू आहेत, हा आहार किती आठवडे चालतो आणि त्यावर कोणाची देखरेख आहे, यांवर सगळे अवलंबून असते. त्याच 800 कॅलरींनी एकाचा मधुमेह आटोक्यात येतो आणि दुसऱ्याच्या हृदयाची लय बिघडते.

अन्न एकदम तुटले की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरते. हा साठा चार-पाचशे ग्रॅमचाच असतो, पण दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपताना ते पाणीही बाहेर पडते. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो तो मुख्यतः यामुळे. एक किलो चरबी जाळायची तर सुमारे 7700 कॅलरींची तूट पडावी लागते आणि ती काही आठवड्याभरात दोन-तीनदा पडत नाही. पुढे मेंदूला लागणारी साखर बनवण्यासाठी शरीर स्नायूंमधली प्रथिने मोडू लागते. काही दिवसांनी यकृत चरबीपासून कीटोन तयार करते, मेंदू त्यांवर बराचसा भागवू लागतो आणि स्नायूंची झीज मंदावते, पण थांबत नाही. ती कमीत कमी ठेवायची तर आहारात पुरेशी आणि उत्तम प्रतीची प्रथिने असावी लागतात. या आहाराच्या सुरक्षिततेतला हा सर्वांत मोलाचा मुद्दा आहे आणि घरच्या घरी केलेल्या प्रयोगांत नेमका तोच सुटतो.

दीर्घकाळ अर्धपोटी राहिल्याने माणसाचे काय होते, याची सर्वांत सखोल नोंद अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातल्या भुकेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणायचे, हे जाणून घेण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांवर हा प्रयोग केला. हे सगळे तरुण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात लढायला नकार दिलेले आणि स्वखुशीने आलेले होते. 24 आठवडे त्यांना रोज सुमारे 1570 कॅलरी मिळत होत्या आणि त्याबरोबर चालण्याचा व्यायाम सक्तीचा होता. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, पायांवर सूज आली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. मन तर त्याहून अधिक ढासळले. चिडचिड, उदासी, एकटे राहण्याची ओढ वाढली, पाककृतींची पुस्तके वाचण्यात तास जाऊ लागले, पानातला एकेक घास लांबवत खाल्ला जाऊ लागला. आज वजन कमी करू पाहणारे पुष्कळ लोक 1200 किंवा 1000 कॅलरींना ‘सौम्य’ समजतात, तेव्हा हा 1570 चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. अर्थात हे तरुण सडपातळ होते, त्यांच्याजवळ चरबीचा साठा थोडा होता आणि त्यांचे श्रम जास्त होते. त्यामुळे हे निष्कर्ष स्थूल व्यक्तीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कीज आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला उपासमारीच्या जीवशास्त्रावरचा ग्रंथ आजही या विषयाचा आधार मानला जातो.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले आहे. 1965-66 मध्ये तिथे 27 वर्षांच्या एका अतिस्थूल तरुणाने डॉक्टरांच्या निगराणीखाली 382 दिवस अन्न घेतले नाही. जीवनसत्त्वे आणि गरजेप्रमाणे क्षार तेवढे दिले जात होते. वजन 207 किलोंवरून 82 किलोंवर आले आणि पाच वर्षांनीही ते 90 किलोंच्या आतच होते. हे उदाहरण वारंवार सांगितले जाते. त्याच काळात अशाच संपूर्ण उपवासाच्या उपचारात काही रुग्ण दगावले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. संपूर्ण उपवासाचा हा उपचार पुढे मागे पडला. त्याऐवजी बोस्टनच्या जॉर्ज ब्लॅकबर्न आणि ब्रूस बिस्ट्रियन यांनी 1970 च्या दशकात प्रथिने पुरेशी ठेवून बाकीचे अन्न तोडण्याची पद्धत विकसित केली.

या शास्त्रीय कामाच्या शेजारीच एक भयंकर प्रकरण घडले. 1976 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन यांच्या ‘द लास्ट चान्स डाएट’ या पुस्तकाने द्रवरूप प्रथिनांची लाट आणली. दिवसाला जेमतेम तीन-चारशे कॅलरी देणारी ही पेये दुकानात कोणालाही मिळत. त्यांतली प्रथिने जनावरांच्या कातडी-स्नायुबंधांपासून काढलेल्या कोलॅजेनची होती. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे शरीराच्या ऊती टिकवायला ही प्रथिने अपुरी पडतात. 1977-78 मध्ये ही पेये घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 जणांच्या मृत्यूची नोंद अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणांकडे झाली. त्यांतल्या 17 मृत्यूंचा बारकाईने अभ्यास झाला. आधी हृदयविकार नसलेल्या, बहुतांश तरुण आणि मध्यमवयीन स्त्रिया हृदयाची लय अचानक बिघडून गेल्या होत्या. त्यांच्या हृदयालेखात क्यूटी हा कालखंड लांबल्याचे दिसले. निकृष्ट प्रथिने, पोटॅशियम-मॅग्नेशियमसारख्या क्षारांची कमतरता आणि हृदयाच्या स्नायूचीच झीज ही कारणे पुढे आली. ऊर्जेची तूट आणि पोषणाची तूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मृत्यूंनी वैद्यकाला शिकवले.

आज उपचार म्हणून दिला जाणारा अत्यल्प कॅलरींचा आहार या धड्यावर उभा आहे. तो बहुधा तयार पावडरींच्या रूपात असतो आणि त्यात उत्तम प्रतीची प्रथिने, आवश्यक मेदाम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातलेले असतात. संपूर्ण आहाराची जागा घेणाऱ्या अशा उत्पादनांत दिवसाला 600 ते 1200 कॅलरी आणि किमान 75 ग्रॅम प्रथिने असावीत, असा युरोपीय संघाचा नियम आहे. हा आहार सलग 12 आठवड्यांहून अधिक काळ न देण्याचा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो आणि ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे तर स्थूलतेसाठी तो सरसकट वापरू नये, असेच सांगतात.

त्याचा सर्वांत लक्षणीय उपयोग टाइप 2 मधुमेहात दिसला आहे. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी 2011 मध्ये 11 रुग्णांना आठ आठवडे रोज सुमारे 600 कॅलरी दिल्या. आठवड्याभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली, कारण यकृतातली चरबी वेगाने उतरली. पुढे टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी 306 रुग्णांचा ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास केला. रोज 825 ते 853, म्हणजे 800 च्या किंचित वर, कॅलरी, तीन ते पाच महिने, मग हळूहळू नेहमीचे अन्न, असा तो क्रम होता. एका वर्षानंतर आहार घेतलेल्या गटातल्या 46 टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना शांत झाला होता. ग्लासगोमध्येच दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांवर असाच छोटा अभ्यास झाला आणि त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांना असा लाभ झाला. हे आकडे खरोखर आशादायक आहेत. पण पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी रुग्णांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे थांबवली होती, हा तपशील बातम्यांत सहसा येत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून जेवण तोडले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांबरोबर कीटोनचे प्रमाण वाढून रक्त आम्लधर्मी होण्याची भीती असते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना भोवळ येते.

बाकीचे दुष्परिणाम कमी-अधिक गंभीर आहेत. बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, तोंडाला वास येणे हे नेहमीचे. पित्ताशयात खडे होणे हा यातला खरा त्रासदायक. जेवणात स्निग्ध पदार्थ फार कमी असले की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचते आणि त्याच वेळी शरीरातल्या चरबीतले कोलेस्टेरॉल पित्तात उतरत असते. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन घटवणाऱ्यांत हा धोका ठळकपणे वाढतो. म्हणून काही डॉक्टर अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात. यूरिक आम्ल वाढून गाउटचा झटका येऊ शकतो. दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळू लागतात, पण ते बहुधा परत येतात. स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हे लांबले तर हाडे ठिसूळ होतात. गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयातली मुले, कृश वृद्ध, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, यकृत किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले आणि खाण्याशी संबंधित मनोविकार असलेले, अशांना हा आहार देत नाहीत. शेवटच्या गटाकडे आपल्याकडे अजून पुरेसे लक्ष जात नाही. लग्नाआधी ‘बारीक होण्यासाठी’ मुलीने जेवण तोडले की घरात कौतुक होते, आणि तिचा आजार ओळखायला वेळ लागतो.

घरी पाळल्या जाणाऱ्या 800 कॅलरींचे गणित मांडून पाहण्याजोगे आहे. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर पातळ वरण, दोन चमचे तेलातली पालेभाजी आणि पेलाभर दूध यांतून सुमारे 750 कॅलरी मिळतात. ताट बघायला चांगले, चवीलाही साजरे. पण त्यात प्रथिने जेमतेम 25 ग्रॅम असतात, म्हणजे उपचारातल्या आहाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. सलग दोन-तीन महिने हे चालले तर चरबीबरोबर स्नायूही जातात. भारतीयांना ही झीज अधिक महाग पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय शरीर दिसायला बारीक असले तरी त्यात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असते, आणि ही ठेवण जन्मापासूनची असते. जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेण्याचे मुख्य काम स्नायूच करतात. तेव्हा आधीच थोडे असलेले स्नायू गमावून वजन घटवणे म्हणजे मधुमेहाला दूर सारण्याच्या प्रयत्नात त्यालाच वाट करून देणे होय. 2024 च्या भारतीय आहार मार्गदर्शिकेने वजन घटवण्याचा आहार 1000 कॅलरींच्या खाली नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानावी, असे म्हटले आहे ते त्यामुळे योग्यच ठरते.

महाराष्ट्रात गेली काही वर्षे लोकप्रिय झालेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत या नोंदीतल्या आहारात मोडत नाही. तिच्यात जेवणाच्या वेळांवर बंधन असते, कॅलरींवर नाही. एकादशीचा उपवासही वेगळा. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाल्ले तर त्या दिवशी कॅलरी कमी होण्याऐवजी वाढतात. निर्जळी उपवास किंवा जैनांचे अनेक दिवसांचे उपवास मात्र शरीराच्या दृष्टीने याच वर्गात येतात आणि औषधे चालू असलेल्यांनी त्याआधी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या इंजेक्शनांनी भूकच मरते. माणूस न ठरवताही हजार कॅलरींच्या खाली जातो आणि प्रथिनांचा तोच प्रश्न तिथेही उभा राहतो.

आहार संपवण्याची वेळ सुरू करण्याइतकीच नाजूक असते. फार दिवस फार थोडे खाल्लेल्या माणसाने एकदम पोटभर भात-पोळी खाल्ली तर इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात, थायमिन अपुरे पडते. हृदय आणि श्वसन थांबण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांमध्ये हे मृत्यू पाहिले गेले. म्हणून अन्न काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि या काळात रक्ततपासण्या होतात.

त्यानंतर प्रश्न उरतो वजन टिकवण्याचा. मेलबर्नच्या संशोधकांनी 50 स्थूल व्यक्तींना दहा आठवडे रोज सुमारे 500 कॅलरींवर ठेवले. एक वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारे ग्रेलिन वरच्या आणि तृप्ती देणारे लेप्टिन खालच्या पातळीवर होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वजन परत वाढणाऱ्यांवरचा आळशीपणाचा शिक्का बराचसा पुसला. ‘डायरेक्ट’मधल्या रुग्णांनाही दर महिन्याला भेट, थोडे वजन वाढताच पुन्हा काही आठवडे पावडरींचा आहार, अशी मदत मिळत होती. तरीही मधुमेह शांत असलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या वर्षी 36 टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनी पाहणीत टिकून राहिलेल्यांपैकी सुमारे 13 टक्केच उरले. ज्यांचे वजन टिकले त्यांचा लाभही बहुतांशी टिकला.