शिशाच्या पत्र्यातलं भोक

मागच्या व्याख्यानात आपण रेडियमपाशी थांबलो होतो. 1901 मध्ये बेक्रेलनं रेडियमची नळी खिशात ठेवली आणि त्याची कातडी भाजली. पिअर क्युरीनं तर मुद्दाम स्वतःचा हात भाजून पाहिला! पण त्याआधीच, 1899 मध्ये, स्वीडनमध्ये क्ष-किरणांनी त्वचेचा कर्करोग बरा केला गेला होता. म्हणजे जाळणारे किरण तेच, बरे करणारेही तेच. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे हद्दीचा प्रश्न दिसतो.

हा रोग आपल्याकडे कमी, पण अनोळखी नाही. घट्ट धोतर नेसून कमरेवर होणारा कर्करोग टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्ये नोंदवला. अशी जागा कापून काढता येते. नाक, पापणी, ओठ इथे मात्र कापणं अवघड, तिथे किरण कामाला येतात.

वाकडच्या या सभेत टूलरूममधली मंडळी आहेत, त्यांना चटकन कळेल. शिशाच्या पत्र्यात गाठीएवढं, थोडी कड सोडून, भोक पाडायचं. बाकी कातडी झाकलेली. ही झाली आडवी हद्द. खोलीची हद्द इलेक्ट्रॉनचा झोत पाळतो, ठरावीक खोलीनंतर तो ओसरतो. शिवाय डोस बहुधा थोडा थोडा, अनेक दिवस देतात, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. तरीही कातडी लाल होतेच, कधी सोलते. हे पेशंटला आधीच सांगायला हवं, बरं का.