आग सोसणारे, आग सांगणारे

टर्बोच्या गाडीत धुराच्या तापमानाचा काटा बसवायचा, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला भोक पाडून आत पेन्सिलीहून बारीक अशी एक सळई घालतात. तिच्या पोटात दोन तारा असतात, टोकाशी वितळवून एकमेकींना जोडलेल्या. पारा नाही, स्प्रिंग नाही, की बॅटरी नाही. इंजिनातून सुटलेला 900 अंश सेल्सिअसचा वायू त्या सांध्यावरून जातो आणि तारांच्या थंड टोकांशी जेमतेम 37 मिलिव्होल्ट उमटतात. तेवढ्यावरून समोरच्या काट्याला कळते, की इंजिन आत किती तापले आहे.

आपल्या ओळखीचा काटा रेडिएटरच्या पाण्याचा. पाणी सावकाश तापते, आणि थर्मोस्टॅट त्याला 90 अंशांच्या आसपास धरून ठेवतो. भरल्या गाडीने घाट चढायला घेतला की धुराचे तापमान काही सेकंदांत तीनशे अंशांनी चढू शकते, तरी पाण्याचा काटा मध्यावर स्वस्थ असतो. तो हलेपर्यंत टर्बोला बसायचा तो चटका बसून गेलेला असतो. म्हणून ही सळई टर्बोच्या आधी बसवतात. टर्बाइनमधून पुढे गेलेला वायू आपली काही उष्णता टर्बोचे चाक फिरवण्यात खर्चून आलेला असतो. तिथे मोजले तर आकडा शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसतो आणि मन उगाच निर्धास्त होते.

या दोन तारांचे मूळ बर्लिनमध्ये सापडते. 1821 मध्ये थॉमस योहान झेबेक यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून वेढे केले आणि एक सांधा तापवला. जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळली. उष्णतेने धातूत चुंबकत्व येते, असा अर्थ त्यांनी लावला. पृथ्वीचे चुंबकत्वसुद्धा ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातल्या फरकामुळे असावे, इथपर्यंत त्यांचा तर्क गेला. अर्थ चुकला होता, पण निरीक्षण अचूक होते. सांधा तापल्यावर पट्ट्यांतून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेने वळत होती, हे डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी ओळखले. परिणामाला नाव मात्र झेबेक यांचेच राहिले, आणि ते योग्यच झाले.

भट्टीच्या धगीत हे तंत्र विश्वासाने वापरता येईल, असे केले पॅरिसच्या आंरी ल शातलिए यांनी. 1880 च्या दशकात त्यांनी एक तार प्लॅटिनमची आणि दुसरी प्लॅटिनम-ऱ्होडियमची घेतली. मोजमाप उत्तम होई, पण धातू महाग. रोजच्या कामाला स्वस्त तार हवी होती. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू तयार केला, आणि फेब्रुवारी 1906 मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले. लाल होऊनही न जळणारी ही तार. आपल्या विजेच्या शेगडीतली कॉइल याच घराण्यातली. याच घराण्यातून पुढे क्रोमेल आणि अल्युमेल ही जोडी आली. अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देणारी ही जोडी आज ‘के’ प्रकारचे थर्मोकपल म्हणून जगभर चालते.

मार्श यांच्या पेटंटच्या तीनच महिने आधी, नोव्हेंबर 1905 मध्ये, स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी दुसऱ्या एका पेटंटसाठी अर्ज केला होता. धुराबरोबर फुकट जाणाऱ्या शक्तीने एक चाक फिरवायचे आणि त्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबायची, ही त्यांची कल्पना. हाच टर्बो. कागदावर सोपा, पण धुराच्या मार्गात उभे राहून टिकणारे चाक घडवणे फार कठीण. ब्यूखी यांना खरे यश मिळायला 1925 उजाडले.

तोवर विमानांनी वाट काढली होती. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिन दमते. 1918 मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस लिबर्टी हे विमानाचे इंजिन ट्रकवर घालून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, 14,000 फुटांवर घेऊन गेले. समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारे हे इंजिन तिथे टर्बोशिवाय 230 वर आले, आणि टर्बो लावल्यावर 356 वर गेले.

कारमध्ये टर्बो आला तो 1962 मध्ये, अमेरिकेत. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये आत जाणाऱ्या हवेत पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारून ती थंड केली जाई. त्याची टाकी भरायला मालक विसरत. शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडरने दुसरा मार्ग घेतला. तिच्या डॅशबोर्डवर सिलिंडर हेडच्या तापमानाचा काटा होता, म्हणजे उष्णतेचा हिशेब चालकाच्या डोळ्यांपुढे ठेवला होता. त्याच वर्षी पुण्यात डिझेल इंजिने बनवणारी किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली.

पण नुसता आकडा पाहून भागत नाही, तो वाचता यावा लागतो. डिझेलमध्ये हवा तेवढीच ठेवून इंधन वाढवले की धूर तापतो. पेट्रोलमध्ये उलट होते: जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते, म्हणून मिश्रण दाट केले की धूर निवतो. ठिणगी उशिरा पडली तर जळण सिलिंडरात पुरे होत नाही आणि आग मॅनिफोल्डपर्यंत येते. इंटरकूलरने आत जाणारी हवा थंड केली, तर बाहेर पडणारा धूरही त्या मानाने कमी तापतो. हे सारे बदल त्या एका काट्यावर उमटतात.

आता हा काटा बहुतेक गाड्यांत दिसत नाही, पण मोजणे थांबलेले नाही. 1 एप्रिल 2020 पासून भारतात गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 हे निकष लागू झाले. डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला धूर सुमारे 600 अंशांपर्यंत तापवावा लागतो, म्हणून तापमान मोजणारे सेन्सर धुराच्या मार्गात बसले. त्यांपैकी पुष्कळ थर्मोकपल नाहीत, प्लॅटिनमचा विद्युत्-रोध मोजणारे आहेत. ते आपला आकडा चालकाला दाखवत नाहीत, थेट संगणकाला देतात.

या कुळकथेत मला सर्वांत भिडते ते धातूंचे नाते. आजच्या टर्बाइनचे चाक बहुधा निकेलमध्ये क्रोमियम घातलेल्या मिश्रधातूचे असते, आणि थर्मोकपलची क्रोमेल तारही निकेल-क्रोमियमचीच. आग सोसणारा आणि आग सांगणारा, दोघे एकाच घरातले. आगीत राहून जो टिकतो, तोच आगीबद्दल खरे सांगू शकतो.

घाट चढून ढाब्यावर आलेला जुना ड्रायव्हर इंजिन लगेच बंद करत नाही. मिनिटभर आयडलवर ठेवतो. टर्बोचे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेऊन आलेले असते, आणि इंजिन थांबले की त्याच्या आसाला मिळणारे तेल थांबते. मग तापलेल्या घरात अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. धुराचा काटा असेल तर तो दोनशे-अडीचशे अंशांवर उतरला की किल्ली फिरवावी. नसेल, तर त्या ड्रायव्हरसारखे थांबावे. डोळ्यांना न दिसणाऱ्या आगीची जी कदर तो त्या मिनिटात करतो, त्याच कदरीपोटी त्या दोन तारा धुरात बसवल्या गेल्या.