गावात काही लपत नाही, म्हणून काय?

धाराशिवसारख्या जिल्ह्यात रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा विषय काढला की चांगली शिकलेली माणसेही म्हणतात, आधी डॉक्टर द्या, औषध द्या, गुप्ततेचे लाड नंतर. शिवाय गावात कोणाला काय झाले हे पारावर आधीच कळलेले असते, तिथे लपवायचे ते काय? आणि साथ आवरायची तर नावे लागणारच. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत 2018 पासून असलेल्या या जिल्ह्यात असे बोलणाऱ्यांची तळमळ खरी आहे. त्यांचा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

पारावरची कुजबूज आणि दवाखान्यातली नोंद एक नव्हे. कुजबूज नाकारता येते आणि काही महिन्यांत विरूनही जाते. नोंद नाकारता येत नाही आणि ती कुठवर जाईल याला धरबंध नसतो. आशाताईची वही उघडून पाहा. पाळी चुकल्याची तारीख, पडलेला गर्भ, क्षयाच्या गोळ्या, घरातल्या कर्त्याचे दारूचे व्यसन, सगळे नावानिशी असते. जावेला न सांगितलेली गोष्ट बाई आशाताईला परसदारी नेऊन सांगते. मग वरून निरोप येतो, ‘दुपारपर्यंत माहिती पाठवा’, आणि त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर जातो. गटात कोण आहे, फोटो पुढे कोणी पाठवला, हे तिलाही सांगता येणार नाही. दोष तिचा नाही, फोटो मागणाऱ्यांचा आहे.

याची किंमत कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या ऊसतोड कुटुंबांना नेमकी कळेल. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. दोघांपैकी एकाला क्षय आहे किंवा बाईला दिवस गेले आहेत हे त्याच्या मोबाइलवर आधीच पोचले, तर घासाघीस तिथेच संपते. ज्याच्याकडे जमीन आणि बँकेत शिल्लक आहे, त्याचा आजार उघडा पडला तरी त्याची चूल पेटते. म्हणून गुप्ततेची गरज श्रीमंतापेक्षा गरिबालाच अधिक आहे.

‘आधी औषध’ म्हणणाऱ्यांनी एचआयव्हीच्या रुग्णांकडे पाहावे. ओळख निघेल या भीतीने कित्येक जण जवळचे केंद्र टाळून दूरच्या गावी नाव लावतात. प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे जाते, दिवसाचा रोजगार बुडतो, आणि हात आखडला की गोळ्यांत खंड पडतो. औषध फुकट असते, तरी उपचार तुटतो. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली एका एचआयव्हीबाधित कामगाराला नाव न उघडता दाद मागू दिली आणि त्याच्या बाजूने निकाल दिला. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय बाधा उघड करण्यास मनाई केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. गरिबाला भाकरी हवी, असले हक्क नकोत, हा दावा न्या. चंद्रचूड यांच्या निकालपत्रात स्पष्टपणे फेटाळलेला आहे.

साथीचे म्हणणे अर्धे मान्य करावे लागेल. क्षयरोग्याच्या घरातल्यांची तपासणी करायची तर आरोग्यसेवकाला नाव लागतेच. ते गावाला कशाला? 2020 साली कोरोनाबाधितांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या आणि नावे जाहीर करा अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. नाव फुटण्याच्या धास्तीने माणूस तपासणीच टाळतो आणि साथ आणखी पसरते. धोरणाला लागते ती संख्या. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आला, तेव्हा 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. या आकड्यांनी राज्य हादरले. त्यासाठी एकाही बाईचे नाव छापावे लागले नाही.

आता कायदा झाला, असे कोणी म्हणेल. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डिजिटल रूपातल्या माहितीपुरताच आहे. आशाताईची वही त्याच्या बाहेर राहते, तिचा फोटो निघाला की तो कायद्याच्या कक्षेत येतो. 2019 च्या विधेयकात आरोग्याच्या माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता, तोही या कायद्यात उरला नाही. दंड 250 कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. ज्याचा आजार चव्हाट्यावर आला त्याच्या हाती छदामही पडत नाही.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने मात्र दिल्लीची वाट पाहू नये. वहीचे फोटो मागणे बंद करावे आणि आशाताईंकडून फक्त संख्या घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात रांगेसमोर रुग्णाला नावानिशी आजार विचारू नये. आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, ऐच्छिक आहे, तो नसला तरी उपचार मिळतात, हे केसपेपरच्या खिडकीवर मराठीत ठळक लिहावे. याला एक परिपत्रक पुरते.