चाकाचा व्यास आणि वाटेचा हिशेब

नवी विजेची मोटार घेऊ पाहणाऱ्या गृहस्थापुढे विक्रेता जे कोष्टक मांडतो, त्यात चाकाच्या व्यासाचा रकाना बहुधा रंगाच्या रकान्याला लागूनच असतो. आणि या शेजारामुळेच, सोळा इंच की अठरा की वीस, हा मामला निव्वळ शोभेचा आहे असा समज रूढ होऊन बसला आहे. वस्तुतः हा प्रश्न मोटारीहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार प्रथम रस्त्याकडे, मग ओढणाऱ्या जनावराकडे आणि सर्वांत शेवटी मालकाच्या हौसेकडे असे.

आपल्या देशावरच्या बैलगाडीचे चाक चार-पाच फूट व्यासाचे का, हे सुताराला कोणी शिकवावे लागले नाही. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे, आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल करून वर चढवलेली व पाणी ओतताच आवळून सगळ्याला मिठी मारणारी लोखंडी धाव, एवढा सारा खटाटोप ज्या चाकासाठी करायचा, ते ओढ्यातल्या धोंड्यावर अडू नये आणि पावसाळ्यातल्या काळ्या रानात तुंब्यापर्यंत रुतू नये, ही त्याची पहिली अट असे. मोठे चाक अडथळ्यावर लांब तरफेसारखे चढते. लहान चाक त्याच धोंड्याला भिंत समजते. चाक वाजवीपेक्षा वाढवले तर वजन वाढते आणि माल चढवताना हमालाची पाठ मोडते, ही दुसरी बाजूही कारागिराला ठाऊक होती. गाडीचा हिशेब बैलाच्या खांद्यावर रोजच्या रोज लिहिला जात असल्यामुळे त्यात चूक फार दिवस लपत नसे.

युरोपात हाच हिशेब गणिताच्या भाषेत मांडण्याचा पहिला कडाक्याचा वाद फ्रान्समध्ये 1837च्या सुमारास झाला. झ्यूल द्युप्यी हा रस्ते-पुलांच्या खात्यातला अभियंता आणि आर्त्युर मोरँ हा तोफखान्यातला अधिकारी. व्यास दुप्पट केला तर गाडी ओढण्याचा भार निम्मा होतो असे मोरँचे मत, आणि तो निम्मा न होता जेमतेम सात-दशांशांवर येतो असे द्युप्यीचे. वाद पंडिती वाटला तरी त्याच्या मुळाशी सरकारी दप्तरातला अगदी रोकडा प्रश्न होता: कोणत्या चाकाने रस्ता किती झिजतो, आणि म्हणून कोणत्या गाडीवर कोणते निर्बंध घालावेत. इंग्लंडने तर 1753 मध्येच, जड गाड्यांची चाके नऊ इंच रुंद असावीत असा कायदा करून हा झगडा पथकराच्या नाक्यावर आणून ठेवला होता.

पुढे 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला हवेचे टायर बसवले, आणि 1895च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशेलँ बंधूंनी तीच युक्ती मोटारीवर उतरवली. त्या दिवसापासून धक्का सोसण्याचे जे काम व्यासाकडे होते, ते बऱ्याच अंशी हवेकडे गेले. तरीही रस्त्याचे महत्त्व लगेच सरले नाही. 1908 साली फोर्डने टी-मॉडेल काढले तेव्हा अमेरिकेतल्या चिखलाच्या वाटा डोळ्यांपुढे ठेवून त्याने तीस इंची टायर दिले. उलट 1959 साली बाजारात आलेल्या ‘मिनी’ची अ‍ॅलेक इसिगोनिसने रचना केली तेव्हा, सुएझच्या पेचामुळे महाग झालेले पेट्रोल आणि इंग्लंडच्या गुळगुळीत सडका दोन्ही विचारात घेऊन, चार माणसांना बसायला जागा मिळावी म्हणून त्याने दहा इंची चाक पसंत केले आणि त्यासाठी डनलॉपकडून नवा टायर करवून घेतला. आपल्याकडची मारुती 800 बारा इंची चाकावर गावोगावी फिरली, आणि त्यावाचून कोणाचे अडले नाही.

यानंतर मात्र हौस रस्त्याच्या वरचढ झाली. टायरची भिंत उतरत गेली, धातूची तबकडी चढत गेली, आणि ‘मोठे चाक’ या शब्दाचा अर्थच बेमालूम बदलला. सुताराचे मोठे चाक खरोखर मोठे असे. आजच्या वीस इंची चाकाचा बाहेरचा घेर अठरा इंचीइतकाच राहतो, फक्त हवा कमी आणि धातू जास्त. म्हणजे मोठ्या व्यासाचा एकही जुना लाभ पदरी न पडता वजन आणि खर्च तेवढे वाढतात. (मापांचीही गंमत पाहावी: टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि व्यास मात्र इंचात. मिशेलँने 1975 मध्ये सारेच मेट्रिक करण्याची तजवीज केली, पण बाजाराने ती मानली नाही.)

पेट्रोलने ही उधळपट्टी झाकून ठेवली, कारण टाकी पाच मिनिटांत पुन्हा भरता येई. विजेच्या गाडीला तो पडदा नाही. वास्तविक ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. बेल्जियमच्या कामीय जेनाट्झीने 29 एप्रिल 1899 रोजी, मिशेलँच्याच टायरांवर, पॅरिसजवळ ती हाकली. परंतु शर्यतीला एका किलोमीटरचा हिशेब पुरतो. संसारी माणसाला पुण्याहून कोल्हापूरला पोहोचायचे असते. 2013 साली बीएमडब्ल्यूने आय-3 या विजेच्या गाडीला एकोणीस इंची, पण अवघी 155 मिलिमीटर रुंदीची चाके दिली तेव्हा काहींना ती सायकलीसारखी वाटली. मला त्यात टांग्याच्या उंच, सडपातळ चाकाची आठवण झाली, आणि इतक्या वर्षांनी कोणीतरी जुना हिशेब पुन्हा उघडला याचे समाधान वाटले.

याहून स्वच्छ रुजुवात ह्युंदाईच्या आयोनिक-6 या गाडीने करून दिली आहे. बॅटरी तीच, मोटर तीच, चाकाचा बाहेरचा व्यासही दोन्हींकडे सुमारे सत्तर सेंटिमीटर. साजसामानाचा थोडा भेद सोडला तर फरक काय तो चाकाचा. अमेरिकेच्या सरकारी मोजणीत या गाडीचा 2023चा लांब पल्ल्याचा, मागची चाके ओढणारा नमुना अठरा इंची चाकांवर 361 मैल गेला, आणि वीस इंचीवर 305.